डावीकडची पानं

हातोड्याच्या घरातली सगळी भांडणं स्वयंपाकघरात झाली. दुसरी जागाच नव्हती. पुढच्या खोलीत सगळ्यांची अंथरुणं आणि लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायचं आईचं टेबल, मागे ओटा. बाप आईला मारायचा तोही ओट्यापाशीच. हातोड्याला मिसरूड फुटत होतं तेव्हा एकदा तो मध्ये पडला. बापाच्या जबड्यावर त्याने एकच ठोसा ठेवून दिला. बाप मांडणीवर आदळला, भांडी खाली आली. बाप उठला, ओठाचं रक्त बाहीला पुसलं, चपला घातल्या आणि गेला. तो गेलाच. आई खाली बसून भांडी गोळा करत होती. ती एवढंच म्हणाली, "किटली चेपली बघ."

त्या ठोशाची बातमी गल्लीच्या टोकाला असलेल्या बॉक्सिंगच्या जिमपर्यंत पोचली. कोच स्वतः दारात येऊन उभा राहिला. "कुठाय तो पोरगा? हात आहे की हातोडा?" नाव तिथेच पडलं. खरं नाव आता आईसुद्धा रागावल्यावरच घेते.

हातोडा बरीच वर्षं लढला. समोरच्यांची नाकं फोडली, स्वतःच्या बरगड्या मोडून घेतल्या. मग एकदा समोरच्याचा उजवा हात त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आत मात्र विजा चमकायला लागल्या. चिलटं उडावीत तसे काळे ठिपके आले. मग डाव्या बाजूने एक पडदा आला, दिवसागणिक पुढे सरकणारा. पुढचा सामना मोठा होता. हातोड्याने तोंडातून ब्र काढला नाही. कळलं ते फक्त धाकट्या बहिणीला, कारण तो दाराच्या चौकटीला धडकला तेव्हा ती समोर होती. दहा वर्षांची होती. त्याने तिला गळ्याची शपथ घातली आणि तिने ती पाळली. मोठा सामना झाला. हातोडा जिंकलासुद्धा. दुसऱ्या दिवशी डावीकडे काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर आतला पडदा चिकटवता आला असता.

डोळा दिसायला शाबूत राहिला. त्यातून दिसत मात्र काही नाही.

मग तो टायरच्या दुकानात लागला. पहार घालून टायर उचकटायचा, ट्यूब पाण्याच्या टबात बुडवायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. गिऱ्हाईक डावीकडून बोललं की आधी त्याची मान वळते, मग उत्तर येतं. नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस गर्विष्ठ आहे.

बहीण त्याच्यामागे जिममध्ये जायला लागली होती, ती तिथेच राहिली. काडीसारखी होती म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. या चिमणीने पहिल्याच वर्षी एका मुलीचा दात पाडला. आई सामने कधीच बघायला गेली नाही. त्या दिवशी तिने इस्त्री खाली न ठेवता विचारलं, "लागलं का?"

"मला की तिला?"

"शर्टाला. रक्त आहे त्यावर. गरम पाण्यात घालू नकोस, डाग बसेल."

चिमणी वाढली तसा तिच्या वजनाचा प्रश्न आला. कोच एक पाकीट घेऊन आला. "ब्रेड बंद, बिस्किटं बंद. हा किनोआ, भातासारखा शिजवायचा. आणि पालेभाजी, पाहिजे तेवढी. हातोड्या, हे खातं तुझं."

हातोड्याने पहिल्यांदा किनोआ तसाच शिजवला, न धुता. चिमणीने एक घास घेतला आणि मोरीत जाऊन थुंकली.

"दादा, साबण घातलास काय रे?"

"गप खा. पौष्टिक आहे."

"तू खाऊन दाखव."

त्याने खाल्ला. गिळेपर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटली. मग कोचने सांगितलं, दाण्याच्या अंगालाच कडूपणा असतो, तो धुवावा लागतो.

तेव्हापासून किनोआ त्याच्या हातात आला तो आलाच. बुडबुड्यावरून भोक शोधणाऱ्या माणसाला फेस कळतो. तो दाणे पाण्यात चोळायचा, फेस ओतायचा, पुन्हा चोळायचा. पाणी नितळ झालं की चाळणीत निथळायचा. मग कोरड्या पातेल्यात परतायचा. दाणे तडतडले की वर पाणी, झाकण, बारीक आच. दाण्याभोवतीचा पांढरा धागा सुटला की गॅस बंद. मग लगेच कालथा घालायचा नाही. झाकण ठेवून थांबायचं, नाहीतर त्याचा लगदा होतो. शेजारच्या कढईत लसूण, मिरपूड, मोहरीचा पाला, मुळ्याचा पाला, पालक. जे मिळेल ते. वरून लिंबू.

पाला निवडायचं काम चिमणीचं. ती परात पुढ्यात घेऊन जमिनीवर बसायची आणि सामन्याला उतरल्यासारखी भिडायची. पिवळं पान, भोक पडलेलं पान, जून देठ, काही सुटायचं नाही. एकदा कोच गमतीत म्हणाला होता, "किड्यांनो, पळा. ही आली."

एका वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत ती उपांत्य फेरीत पोचली. जिंकली की अंतिम सामना, तो जिंकला की देशाच्या संघाचं शिबिर. समोरची मुलगी उंच होती, लांब हातांची. पहिल्याच फेरीत तिचा डावा हुक चिमणीच्या उजव्या भुवईवर बसला. भुवई फाटली. रक्त गालावरून हनुवटीला आलं आणि घामात पातळ झालं. दुसऱ्या फेरीत एक सरळ उजवा ठोसा आला, डाव्या डोळ्यावर. त्याचा आवाज ओला होता. हातोडा खुर्चीवरून अर्धा उठला. चिमणी हलली, सावरली, आणि दात-ओठ खाऊन पुढे गेली. तिसऱ्या फेरीत तिने त्या मुलीला दोरांवर दाबलं आणि बडव बडव बडवलं. पंचाने खेचून बाजूला केलं तेव्हाही तिचे हात चालूच होते.

सगळ्यांनी उजवा डोळा बघितला. तो जांभळा पडून मिटलाच होता. बर्फ त्यावर, टाके त्यावर, डॉक्टरांची बॅटरी त्यावर. "अंतिम सामना रविवारी. तोवर सूज उतरेल," कोच म्हणाला. डावा डोळा स्वच्छ होता. त्याच्याकडे कोण बघणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी हातोडा दुकानातून लवकर आला. किनोआ शिजत ठेवला. चिमणी परात घेऊन बसली, एका डोळ्याने पाला निवडत. पुढच्या खोलीत आईच्या इस्त्रीचा धप धप आवाज.

"शिट्टी नाही, काही नाही," चिमणी म्हणाली. "शिजलं ते कळतं कसं तुला?"

"वासाने. झाला का पाला?"

"झाला. घे."

त्याने परात उचलली. उजवीकडची पानं एकसारखी, हिरवीगार. डावीकडे पिवळी पानं तशीच. मुळांना चिकटलेली माती तशीच. एका सडक्या पानावर एक गोगलगाय शिंगं काढून बसली होती, घरची असल्यासारखी.



"अजून एक जुडी आहे," तो म्हणाला आणि परात परत तिच्यापुढे ठेवली.

ती निवडायला लागली. तो ओट्याकडे गेल्यासारखा गेला, वळला आणि तिच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला. हात मागे घेतला. सरावाचं पॅड हातात नसताना त्याने आयुष्यात तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. पूर्ण ताकदीने त्याने तो तिच्या कानशिलाकडे सोडला आणि कानापासून बोटभर अंतरावर रोखला.

वाऱ्याने तिच्या केसांची एक बट हलली. ती पानं निवडत राहिली.

बॉक्सर झोपेतसुद्धा असा हात चुकवतो.

हात खाली घेऊन तो समोर येऊन उकिडवा बसला. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"पडदा."

तिची बोटं देठावर थांबली. "उजवा मिटलाय म्हणून रे. डोकं नको खाऊस."

"उजवा डोळा उजवीकडचं बघतो. माझा हात डावीकडून आला होता."

"कुठला हात?"

त्याने मूठ तिच्या तोंडासमोर आणून दाखवली. कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती भराभर बोलायला लागली. "रविवारपर्यंत, दादा. फक्त रविवारपर्यंत. सोमवारी तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते. तुझ्या पुढे चालत येते."

"मीही रविवारच म्हणालो होतो."

"मी तुझं सांगितलं नव्हतं." तिचा आवाज फाटला. "कोणाला म्हणजे कोणाला नाही. मार खाल्ला असता, पण सांगितलं नसतं."

"तू दहा वर्षांची होतीस. मी नाहीये."

तो उठला आणि पुढच्या खोलीकडे वळला. ती दारात आडवी आली.

"सांगितलंस तर तू माझा कोणी नाहीस."

"नको असू दे. सरक."

तिने मारलं. पहिला ठोसा बरगड्यांवर, जुन्या मोडलेल्या जागी. दुसरा नाकावर. मग ती त्याच्या डाव्या बाजूला सरकली. त्याची आंधळी बाजू तिच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती. तिथून ती त्याला झोडपत राहिली, कान, मान, जबडा. ठोसा कुठून येतोय ते त्याला लागल्यावरच कळत होतं. त्याने हात उगारला नाही. तिला ढकललंही नाही. ती मांडणीवर पडली, डोक्याला धक्का बसला, तर संपलंच. उलट मांडणीचा लोखंडी कोपरा आणि तिचं डोकं यांच्यामध्ये त्याने एक पंजा धरून ठेवला. मार खात खात तो पंजा तिच्याबरोबर फिरवत राहिला.

त्याची पाठ ओट्याला लागली आणि पातेलं खाली आलं. गरम किनोआ त्याच्या पावलांवर सांडला. तो ओरडला आणि घसरून खाली बसला. नाकातून रक्त वाहत होतं, निवडलेल्या पानांवर टपटपत होतं. चिमणी त्याच्या अंगावर वाकून उभी होती, मूठ वर, धापा टाकत.

इस्त्रीचा आवाज थांबला होता. आई दारात उभी होती. इस्त्री तिच्या हातातच होती.

"कोणी सुरू केलं?"

"आई, हिचा डावा डोळा जातोय," हातोडा म्हणाला. "माझा गेला तसाच."

"खोटं बोलतोय," चिमणी म्हणाली.

आई तिच्याकडे बघत नव्हती. "तुझा गेला तसाच म्हणजे? तू म्हणाला होतास, त्या ठोशाने एका झटक्यात गेला."

हातोड्याने मान खाली घातली.

"म्हणजे दिवस होते हातात."

"होते."

"आणि ही?"

"हिला मीच शपथ घातली होती."

आईने इस्त्री ओट्यावर उभी ठेवली. गॅस बंद केला. मग हातोड्याच्या एक सणसणीत मुस्कटात दिली. उजव्या गालावर दिली. येताना त्याला दिसली. तो हलला नाही.

"ही तेव्हाची," ती म्हणाली आणि चिमणीकडे वळली. "चपला घाल."

"मी येणार नाही."

"तुझ्याहून जड गाठोडी मी रोज उचलते. चालत येतेस की खांद्यावर?"

चिमणीने सांडलेल्या किनोआला लाथ मारली. भिंतीवर दाणे उडाले. मग तिने चपला घातल्या.

त्याच संध्याकाळी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पडदा अर्धा सुटला होता, मधला भाग अजून धरून होता. डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावून सांगितलं, तिथे आणखी एक ठोसा बसला असता तर मला बोलावूच नका म्हणालो असतो. डोळा राहील. डोक्यावर मार मात्र पुन्हा कधीच नाही, सरावातसुद्धा नाही. रविवारी त्या रिंगमध्ये दुसरी मुलगी एकटी उभी राहिली आणि पंचाने तिचा हात वर केला. कोच येऊन खाटेपाशी उभा राहिला आणि जाताना त्याने हॉस्पिटलच्या जिन्यावर भिंतीला मूठ मारून बोट मोडून घेतलं.

डोळ्यात भरलेला हवेचा बुडबुडा पडद्याला दाबून राहावा म्हणून चिमणीला घरी बरेच दिवस पालथं पडून राहायचं होतं, तोंड खाली. हातोडा जमिनीवर वाटी ठेवायचा, खाटेच्या कडेबाहेर आलेल्या तिच्या तोंडाच्या बरोबर खाली, चमचा तिच्या हातात द्यायचा. किनोआ, पालक, लिंबू. ती त्याच्याशी अवाक्षर बोलत नव्हती. पहिल्या दिवशी तिने वाटी भिरकावली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी वाटी रिकामी झाली. बोलणं मात्र नाही. दाणे कुठे कुठे गेले होते. झाडून झाडून आईचा केरसुणीचा हात दुखला, तरी चालताना पायाला टोचायचेच.

ती उठून फिरायला लागली तरी घरात हेच चालू. आईशी बोलायची, शेजारणींशी बोलायची, इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घालायची. भाऊ समोर आला की ओठ मिटायचे. हातोड्याला वाटलं, डोळा राहिला, बहीण गेली. सौदा आपणच केला. त्याने पाला स्वतः निवडायला घेतला.

एका दुपारी तो ओट्यापाशी उभा होता. किनोआ शिजत होता. त्याने बघायला झाकण किंचित उचललं आणि झाकणाच्या स्टीलमध्ये त्याला ती दिसली. त्याच्या डाव्या अंगाला उभी, मूठ उगारलेली, त्याच्या कानाच्या अगदी जवळ. हात मागे गेला. त्या हातात किती ताकद आहे ते त्यानेच तर शिकवलं होतं.

त्याने झाकण हळूच परत ठेवलं. आता ती दिसत नव्हती. तो थांबला. तो सरकला नाही.

ठोसा खांद्यावर आला. पूर्ण आला. हात बोटांपर्यंत बधिर झाला आणि त्याच्या धक्क्याने पातेल्यावरचं झाकण खणखणत मोरीत गेलं.

पाठीमागे परात ओढल्याचा आवाज आला. चिमणी जमिनीवर बसली होती. त्याने निवडलेला पाला तिने परत मोकळा केला होता आणि डावीकडून सुरुवात केली होती. चिकटवलेल्या डोळ्याला अजून धूसर दिसत होतं; ती मान वाकडी करून एकेक पान जवळ धरत होती. त्यातलं एक चिंधड्या झालेलं, किडकं पान तिने उचललं आणि त्याच्या तोंडावर फेकलं.

"हे कोण निवडणार? तुझा बाप?"