सहा उताणे उंदीर

शाळेला निघालेल्या नातीला स्वेटर चढवताना मावशी म्हणाल्या, "डावा हात दे," आणि समोरचा हात धरला. नात म्हणाली, "आजी, हा उजवा." तेवढ्यावरून मावशींना परवाची उंदरांची पेटी आठवली.

प्रयोगशाळेच्या उंदीरखोलीत त्या बावीस वर्षं काम करत होत्या. तिथल्या काही उंदरांच्या जनुकांत बदल केलेला असे, त्यामुळे रोगाशी लढणारी एक ठरावीक पेशी त्यांच्या शरीरात तयारच होत नसे. त्यांची सख्खी भावंडं मात्र साधी. दिसायला सगळे एकाच माळेचे मणी. म्हणून शेपटीच्या टोकाच्या तपासणीत कोण कुठला ते कळलं की मावशी खूण करत: पेशी नसलेल्याच्या डाव्या कानाला खाच, साध्याच्या उजव्या. उंदीर धरायचा तो पाठीकडून, हा त्यांचा शिरस्ता. पण परवा नर-मादी बघायचं कामही गळ्यात पडलं आणि वेळ वाचवायला त्यांनी एका पेटीतल्या सहाही उंदरांना उताणं धरूनच खाचा पाडल्या. उताण्या उंदराचा डावा कान आपल्या डावीकडे नसतो, हे आत्ता सुचतंय.

आज अकरा वाजता हा प्रयोग चालवणाऱ्या मॅडम त्याच सहांना रोगाचे जंतू टोचणार होत्या. तीन वर्षांच्या कामाचा शेवटचा टप्पा. मावशी गप्प बसल्या असत्या तर कोणाला पत्ताही लागला नसता. निकाल उलटा आला असता, एवढंच. आणि बोलल्या तर? "मावशींनी खूण केलीय ना, मग बघायला नको," हे मॅडमचं वाक्य त्या चारचौघांत मिरवत. चार महिन्यांवर निवृत्ती आली होती. आयुष्यभराची कमाई म्हणाल तर तेवढीच.

बसमध्ये त्यांनी दहादा सांगायचं ठरवलं आणि दहादा बेत मोडला. पोचल्या तेव्हा अकराला पाच कमी होते आणि मॅडम सिरिंज भरत होत्या.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "कान उलटे झालेत बहुतेक. माझ्या हातून."

मॅडमनी सिरिंज खाली ठेवली. कधी, किती, कशावरून, एवढंच विचारलं, तेही आवाज न चढवता. चढवला असता तर मावशींना बरं वाटलं असतं. शेपट्यांचे नमुने पुन्हा तपासायला गेले. दोन दिवस मावशींनी डबा न उघडताच घरी परत नेला. निकाल आला तो सहाच्या सहा उलटे असल्याचा.

मॅडमनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. तुम्ही बोलला नसतात तर तीन वर्षं पाण्यात गेली असती, म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. एवढ्यावर निभावलं म्हणून मावशी त्या दिवशी पोटभर जेवल्या.

पुढच्या आठवड्यात नवी पिल्लं खुणेला आली. मावशींनी एकेकाला पाठीकडून धरून, तोंडाने डावा-उजवा म्हणत खाचा पाडल्या आणि पेटी पुढे सरकवली. मॅडमनी झाकण काढलं. एक पिल्लू उचललं, कान बघितला, यादी बघितली. मग दुसरं उचललं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मावशी टेबलाशी उभ्या राहिल्या. जायचं की थांबायचं, ते त्यांना कोणी सांगितलं नाही.