एकाच हाताचे एकतीस अर्ज

तिला सगळे ‘चौकशी’ म्हणत. लहानपणापासून दर वाक्याला ‘का?’ लावायची सवय, म्हणून गल्लीनेच हे नाव चिकटवलं होतं. एकोणीस वर्षांची ही मुलगी शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती.

तिची स्वतःची शाळा सातवीतच सुटली होती. ‘तुझ्या वडिलांनी नाव काढलंय,’ असं शाळेतल्या मोठ्या बाईंनी सांगितलं आणि ती दप्तर उचलून घरी आली. वडील कुलपं दुरुस्त करायचे. माणूस मितभाषी. जगाला प्रश्न विचारणारी मुलगी या एका प्रश्नावर मात्र मूग गिळून बसली. पुढे दहावी तिने बाहेरून दिली, पण बापलेकीचं बोलणं ‘जेवायला वाढलंय’च्या पुढे कधी गेलं नाही.

एका दुपारी शाळेचा म्हातारा शिपाई कागदांचा गठ्ठा घेऊन दुकानात आला.

“शाळेत मशीन आहे ना, मामा?” तिने विचारलं.

“बिघडलंय.” एवढं बोलून तो पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिला.

एकतीस अर्ज होते. सातवी पास झालेल्या एकतीस मुलींना पालक स्वेच्छेने शाळेतून काढत होते. कागद मशीनवर उलटता उलटता तिचा हात थबकला. प्रत्येक अर्जात ‘परीस्थीती’ हा शब्द सारखाच चुकला होता. ‘मुलीचे’मधला चकार सगळीकडे सारखाच वाकडा. खाली कुठे अंगठा, कुठे कशीबशी सही. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यातल्या एका मुलीची आई, गल्लीतली इस्त्रीवाली, परवाच तिला आठवीच्या पुस्तकांबद्दल विचारून गेली होती.

काळी रेघ उमटल्यामुळे वाया गेलेली तिच्या अर्जाची प्रत चौकशीने घडी घालून पिशवीत टाकली आणि बाकीच्या मुलींची नावं लिहून घेतली.

संध्याकाळी तिने ती इस्त्रीवालीला वाचून दाखवली. बाईने इस्त्री उभी केली. “मी कुठे अर्ज दिला? आठवीचा वर्गच बंद झाला, असं काल शाळेतूनच सांगितलं. अंगठा दिला होता, पण तो पालकसभेच्या हजेरीचा. कागद कोराच होता.”

शाळेत कुठेतरी पाणी मुरत होतं. दुसऱ्या दिवशी चौकशी मोठ्या बाईंकडे गेली. बाई गोड हसल्या. “पालकच तयार नाहीत गं. आम्ही काय करणार?” त्यांच्या मागे झेरॉक्सचं मशीन व्यवस्थित चालू होतं.

मशीन चालतंय, मग मामा दुकानात का आला? आपल्याला गोवायचा तर डाव नाही? त्या दिवसापासून तो रस्त्यात दिसला की ती वाट बदलू लागली.

तरीही ती घरोघर फिरली. लोकांनी काही पायघड्या घातल्या नाहीत. “तुला यात काय मिळतं?” “कोणी पाठवलंय तुला?” एका बापाने तर तिच्या पिशवीत हात घालून पाहिलं. तिला राग आला नाही, कारण त्याच्या जागी तिनेही तेच केलं असतं. तेवीस घरांनी मात्र एकच गोष्ट सांगितली: सभा, कोरा कागद, अंगठा किंवा सही.

चोविसाव्या घराकडे जाताना तिच्या लक्षात आलं, आपलं नाव काढल्याचंही मोठ्या बाईंनीच सांगितलं होतं. ती सरळ स्वतःच्या घरी परतली. वडील कानशीने किल्ली घासत होते.

“बाबा, माझं नाव शाळेतून तुम्ही काढलंत ना?”

कानस थांबली. “मी? मोठ्या बाई म्हणाल्या, तुला शिकायचं नाही, तूच नको म्हणालीस. मला वाटलं, मला सांगायला घाबरतेस. जबरदस्ती कशाला करायची?”

“मग मला एकदा तरी विचारायचं.”

“तू सगळ्यांना विचारतेस. मला का नाही विचारलंस?”

सहा वर्षं दोघं एका ताटलीएवढ्या अंतरावर बसून जेवले होते आणि एकमेकांवर संशय धरून होते. वडिलांनी हात पुसले आणि चपला घातल्या. “चल. राहिलेल्या घरी मी येतो.”

तक्रार शिक्षण अधिकाऱ्यांकडे गेली. सुनावणीच्या दिवशी मोठ्या बाई ठाम होत्या: अर्ज पालकांचेच. तेवढ्यात शिपाई पुढे झाला आणि त्याने सभेची हजेरीवही टेबलावर ठेवली. वहीत त्या सभेची पानंच नव्हती, फाडलेल्या कडा तेवढ्या शिल्लक होत्या; अर्ज त्याच पानांवर लिहिले होते. आठवीला दोन वर्षं शिक्षक नव्हता आणि तपासणीत ते झाकायला मुलीच कमी करायच्या होत्या, शिक्षक नसला की पूर्वीही असंच व्हायचं, हे त्याने खाली मान घालून सांगितलं. “माझी नात आहे त्या एकतिसांत. माझ्यात बोलायची हिंमत नव्हती. ही पोरगी कागद वाचल्याशिवाय सोडत नाही, हे ठाऊक होतं, म्हणून गठ्ठा तिच्याकडे नेला.”

चौकशीला त्याच्या नजरेला नजर देणं जड गेलं.

मोठ्या बाईंची बदली झाली, शिक्षा म्हणावी असं काही झालं नाही. शिक्षक यायला पाच महिने लागले. एकतीसपैकी एकोणीस मुली परत आल्या. दोघींची तोवर लग्नं झाली होती, काही कामाला लागल्या होत्या, एकीचं घरच दुसरीकडे गेलं होतं. त्या बारा जणींची नावं तिने लिहून ठेवली आणि ती त्यांच्या घरी अजूनही जाते.

पुढच्या पालकसभेला ती वडिलांसोबत दारात उभी होती, कागद वाचून दाखवायला. तिने एका बाईपुढे हजेरीचा तक्ता धरला. बाईने हात मागे घेतला.

“आधी सगळं वाच,” बाई म्हणाली. “खालचं बारीकसुद्धा.”

चौकशीने घसा साफ केला आणि वरच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.