'येस'पुढचा गोळा

आमच्या उपनगरातल्या निवडणुका शाळेच्या जिममध्ये होतात. बास्केटबॉलच्या रेषांवर रबरी चटया टाकतात, चटयांवर घडीची टेबलं, आणि टेबलांमागे आम्ही, गळ्यात बिल्ला अडकवून, पहाटेपासून. मी या कामाला लागले ती काही लोकशाहीच्या प्रेमाने नव्हे. मुलगी कॉलेजला गेली होती, शहराच्या कचेरीला माणसं कमी पडत होती आणि मला रिकामं बसवत नाही. काम सोपं आहे. नाव बघायचं, मतपत्रिका द्यायची, मशीन दाखवायचं. अट एकच. उजवा हात वर करून शपथ घ्यायची आणि मतपत्रिकेवर जे छापलंय त्याबद्दल मतदाराशी चकार शब्द काढायचा नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला शहराचं एक पार्क आहे. देखणं वगैरे नाही. थोडी मेपलची झाडं, तळं म्हणतात तो पावसाच्या पाण्याचा खड्डा, आणि छप्पर घातलेली एक शेड, बाकांसकट. त्या शेडला सगळे कट्टा म्हणतात. सगळे म्हणजे मुलांकडे कायमचे राहायला आलेले मराठी आईवडील. यातल्या बहुतेकांना गाडी चालवता येत नाही, आणि डेट्रॉइटच्या आसपास गाडी न चालवणारा माणूस म्हणजे सामान. कोणी नेलं तर जातो, ठेवलं तिथे राहतो. पायी जाता येईल अशी त्यांना एकच जागा, ती ही.

कट्ट्याचे म्होरके आमच्या समोरच्या घरातले काका. पुण्यात टेलिफोन खात्यात होते. काकू गेल्यावर मुलाकडे आले, नागरिकत्व घेतलं, आता बेसमेंटमध्ये राहतात. बेसमेंट चांगलं आहे, उबदार आहे, खिडकी आहे. तरी काका म्हणायचे, "कट्टा आहे म्हणून मी माणसात आहे. नाहीतर तो सोफा आणि मी, दोघांवर मिळून एक चादर टाकली तरी कोणाला कळणार नाही."

त्यांच्या मुलाने पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात नाव घालून ठेवलं होतं. वाईट माणूस नाही तो. "बाबांना इथे करमेनासं झालं तर सोय असावी," असं त्याने मला सांगितलं, आणि ते काकांनीही ऐकलं होतं. त्यामुळे काका रोज कट्ट्यावर जायचे, ताप असला तरी. करमतंय हे दिसायला हवं ना.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता पार्कात एक माणूस तिपाई घेऊन यायला लागला. तळ्याच्या कडेला उभा राहायचा, दुर्बिणीतून शेडकडे बघायचा, काहीतरी टिपून घ्यायचा. कट्ट्यावरच्यांनी त्याला चिवडा देऊ केला. तो "नो, थँक यू" म्हणाला आणि तिपाई चार पावलं मागे नेऊन पुन्हा शेडकडे बघत राहिला. काही आठवड्यांनी झाडांच्या बुंध्यांवर रंगाचे ठिपके आले. काहींवर निळे, काहींवर नारिंगी. कोणते चांगले, हे कोणी सांगेना.

मग प्रस्ताव आला. आमच्या शहराच्या चार्टरमध्ये, म्हणजे शहर ज्या घटनेवर चालतं तिच्यात, एक जुनं कलम होतं. मतदारांना विचारल्याशिवाय शहराला पार्कची जमीन विकता येणार नाही. हे कलम काढून टाकावं का, असा प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला येणार होता. पाठोपाठ लॉनवर पाट्या लागल्या. हिरव्या, झाडाचं चित्र, आणि खाली 'पार्कांच्या भविष्यासाठी येस'. पाट्या सुंदर होत्या. माझा नवरा गाडी रिव्हर्स घेता घेता म्हणाला, "एवढी चांगली पाटी म्हणजे नक्की काहीतरी विकायचंय."

काका नमुन्याची मतपत्रिका घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले. मी पोहे केले होते, ते त्यांनी आधी संपवले.

"हे वाच आणि सांग, कुठला गोळा काळा करायचा. तू त्यांच्यातली माणूस."

"काका, मला नाही सांगता येत."

"का? जिभेला काय झालं?"

"शपथ घेतलीय मी."

"आपल्याकडे शपथ घेऊन लोक काय काय सांगतात! आणि तू शपथ घेऊन गप्प बसणार?"

"नातीला विचारा ना. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"ती फोनमधून डोकं वर काढेल तेव्हा," असं म्हणून ते गेले. माझा सल्ला व्यवहारी होता. नात इथेच जन्मलेली, हुशार, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. प्रश्नही तसा सरळ होता. 'काढून टाकावं का?' नको असेल तर 'नो'. मी तो विषय डोक्यातून काढला आणि भांडी घासायला घेतली.

मतदानाच्या दिवशी आभाळ इतकं खाली आलं होतं की जिमचे दिवे दुपारीही लावलेलेच होते. स्थानिक निवडणुकीला गर्दी नसते. माणसं एकेकटी येतात, कुजबुजत बोलतात, मतपत्रिका मशीनच्या तोंडाशी धरतात, मशीन ती आत ओढून घेतं आणि आकडा एकाने वाढतो. माझी जागा त्या दिवशी मशीनपाशी होती. समोरच्या भिंतीला लागून 'येस'वाल्यांनी पाठवलेला निरीक्षक खुर्ची टाकून बसला होता. तरुण, नीट भांग पाडलेला, मांडीवर क्लिपबोर्ड. नियमाने त्याला बसता येतं. बघत राहणं एवढंच त्याचं काम, आणि ते तो मन लावून करत होता.

जेवणाच्या वेळेनंतर कट्टा आला. कोणाच्या तरी सुनेने व्हॅनमधून दोन खेपा करून सगळ्यांना आणलं. स्वेटर, कानटोप्या, एका मावशींच्या हातात डबा. काका सगळ्यांत पुढे. टेबलापाशी सह्या करतानाच त्यांनी मागे वळून हाक दिली, "लक्षात आहे ना? मागच्या पानावर. येसपुढचा गोळा!"

"हो हो, येस," मावशी म्हणाल्या. "किती वेळा सांगाल? रात्री स्वप्नात पण येस म्हणत होते मी."

माझ्या हातात 'आय व्होटेड'च्या स्टिकरांची गुंडाळी होती. ती मी खाली ठेवली.

आमच्या केंद्रप्रमुख बाई, निवृत्त शिक्षिका, लगेच उठून आल्या. आत प्रचार चालणार नाही, कोणत्याही भाषेत, असं त्यांनी काकांना हसून सांगितलं. काका "सॉरी, सॉरी" म्हणाले. भिंतीजवळच्या तरुणाने काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. खोलीत मराठी समजणारी कर्मचारी मी एकटीच, हे त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं असणार.

कट्टा आडोशांमध्ये पांगला. आडोसे पुठ्ठ्याचे असतात, खालून नुसते बूट दिसतात. मी बूट बघत होते. कोणीही थांबत नव्हतं, कोणी मागचं पान वाचत असेल असं वाटत नव्हतं. पाठ केलेलं उत्तर लिहायला वेळ लागत नाही.

काका पहिले आले. मतपत्रिका कव्हरमध्ये नीट घातलेली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बरोबर आहे ना गं? येस म्हणजे आपलं राहतं ना?"

तरुण खुर्चीवरून उठला.

"सर," मी इंग्रजीत म्हणाले, "मतपत्रिकेबद्दल मला बोलता येत नाही."

"सर!" काका हसले. "पोहे खाताना काका आणि इथे सर! मोठी साहेबीण झालीस."

"काही चूक झाली असेल तर मशीनमध्ये घालायच्या आधी नवी मतपत्रिका मिळू शकते. प्रश्न वाचून हवा असेल तर आम्ही दोन कर्मचारी मिळून वाचून दाखवतो." हे वाक्य मला म्हणता येत होतं. मी ते म्हटलं, आणि पुन्हा एकदा, जरा सावकाश म्हटलं. तरुण आता केंद्रप्रमुख बाईंच्या कानाशी लागला होता आणि दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मला इंग्रजी येत नाही की काय?" काका म्हणाले. ते खरोखर दुखावले. "टेलिफोन खात्यात जन्म गेला माझा इंग्रजीत फॉर्म भरण्यात. आणि नातीने वाचून दाखवलंय."

माझ्या जागी दुसरी कोणी असती तर मराठीत एक शब्द टाकून मोकळी झाली असती. 'नो.' तो तर मराठीतही नव्हता. पण मी तो टाकला असता तर त्या तरुणाने आख्ख्या कट्ट्याच्या मतांवर बोट ठेवलं असतं, आणि माझ्या शपथेला काही अर्थ उरला नसता. मी हिशेब केला आणि गप्प राहिले. काकांनी मतपत्रिका मशीनच्या तोंडाशी धरली. मशीनने ती ओढून घेतली. त्यांच्यामागे मावशी, मावशींच्या मागे बाकीचे. प्रत्येकाला मी तेच इंग्रजी वाक्य ऐकवलं, आणि प्रत्येकाने मान हलवून मतपत्रिका मशीनला दिली. शेवटी मावशींनी डबा उघडून मला लाडू दिला. तो घ्यायलाही बाईंनी मनाई केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या वेबसाइटवर निकाल लागला. प्रस्ताव मंजूर. दोन्ही बाजूंमधला फरक इतका थोडा होता की ती माणसं एका शेडखाली बसली असती.

मी लॅपटॉप मिटते न मिटते तोच दारावरची बेल वाजली. काका. मागे नात, शाळेचं दप्तर पाठीला, गाडीची किल्ली हातात. काकांच्या हातात शेजारच्या ट्रॉय गावातल्या दुकानातून आणलेल्या पेढ्यांचा खोका. आदल्या दिवशीच आणून ठेवलेला असणार.

"जिंकलं की नाही येस?" ते दारातूनच म्हणाले. "हिने आत्ता फोनवर दाखवलं. कट्ट्यावर जातोय, म्हटलं पहिला पेढा साहेबिणीला."

आता माझी शपथ संपली होती. "काका, आधी बसा," मी म्हणाले. त्यांना बसवलं, माझ्याकडची नमुन्याची मतपत्रिका ओट्यावरच पडली होती, ती समोर ठेवली आणि मागचा प्रश्न शब्द न् शब्द मराठीत सांगितला. काढून टाकावं का? येस म्हणजे काढून टाका. ते कलम आता गेलं. पार्क विकायला आता कोणाला विचारायची गरज नाही.

काकांनी त्या प्रश्नावरून एकदा बोट फिरवलं. मग नातीकडे वळले. "तू मला येस सांगितलंस."

"यू सेड येस, आजोबा!" ती म्हणाली. घाबरली होती. माझ्याकडे वळून इंग्रजीत भराभरा सांगायला लागली. तिने आजोबांना विचारलं होतं, म्हणजे हे कलम काढलेलं तुम्हाला नकोय? आजोबा म्हणाले, येस. तिने पुन्हा विचारलं, येस? आजोबा म्हणाले, येस, येस, अर्थातच. तिला वाटलं, विचार बदलून त्यांना कलम काढायचंच आहे. हल्ली गुडघे दुखतात, पार्कात जायचा कंटाळा आला असेल. त्यांचं मत त्यांचं. तिने येसपुढच्या गोळ्यावर बोट ठेवलं.

मला हसू येण्यासारखी ही गोष्ट होती. मुलगी सुट्टीत घरी आली की आमच्याकडे हे रोज होतं. 'तुला भूक नाहीये ना?' असं मी विचारते. नवरा 'हो' म्हणतो, म्हणजे नाहीये. मुलगी 'हो' म्हणते, म्हणजे आहे. आपण समोरच्याच्या वाक्याला 'हो' म्हणतो, इथली मुलं पोटातल्या भुकेला. माझ्याकडे त्यातून फार तर पोळ्या उरतात.

"मी कट्ट्यावर सगळ्यांना शिकवलं," काका म्हणाले. "एकेकाला बसवून. त्या मावशीला विचारायचो, पार्क विकायला नकोय ना? ती म्हणायची, हो. मग म्हणायचो, झालं तर, येस." त्यांनी खोक्यावरचा दोरा पुन्हा बांधायला घेतला. "मुलाला एवढ्यात सांगू नका कुणी."

नातीने मान खाली घातली. खिडकीतून पार्कचं टोक दिसतं. तिपाईवाल्याची गाडी तिथे येऊन थांबली होती. या वेळी बरोबर आणखी दोघं होते आणि ते डिकीतून लाकडी खुंट्या काढत होते, टोकाला गुलाबी फिती बांधलेल्या. निकाल लागून अर्धी सकाळही झाली नव्हती.

काकांनी दोरा सोडून दिला. एकदम माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तिथे मशीनपाशी... मी विचारलं तेव्हा... माझं चुकतंय हे तुला कळलं नव्हतं ना?"

"हो," मी म्हणाले.

काकांनी ते मराठीत ऐकलं. त्यांचा चेहरा सैल पडला. "तेच म्हटलं," ते पुटपुटले, आणि उठताना माझ्या खांद्यावर थोपटलं.

नातीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिने ते इंग्रजीत ऐकलं होतं. तिने आजोबांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरायला मदत केली, खोका माझ्या ओट्यावरच राहिला, आणि खिडकीबाहेर पहिली खुंटी शेडच्या अगदी कडेला ठोकली जात होती.