भुऱ्याचा पुढचा पाय

सगुणावहिनी तापाने गेल्याचा निरोप मला अकोल्याच्या कापूसबाजारात मिळाला. उमरावतीला पोहोचलो तोवर सारे आटोपले होते... आता महिना होत आला. तरी त्या बाजाराच्या तोंडाशी गाडी आली की माझी नजर चाकांखाली जाते, कारण आमच्या भुऱ्या कुत्र्याचा पाय फाटला तो तिथेच.

अमेरिकेतल्या लढाईने तिकडचा कापूस अडवला नि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस दाखवले, त्या हंगामातली गोष्ट. आमचा मळा भाजीपाल्याचा. दादाने वांगी उपटून कापूस लावला. भरली गाडी घेऊन आम्ही अकोल्याला आलो, वहिनीही होत्या. त्यांनी पिलापासून वाढवलेला भुऱ्या गाडीखालच्या सावलीतून चालत होता. बाजाराशी गाड्यांची ही रेटारेटी! शेजारच्या चाकाच्या निखळलेल्या लोखंडी धावेच्या पट्टीने त्याचा पुढचा पाय कोपराखाली आतून फाडला. लालभडक रक्त ठोक्याठोक्याने उडू लागले. दादाने गाडीतला कापूस ओंजळीने कोंबला. तो नुसता भिजत गेला. मग त्याने बैलाचा कासरा घेऊन पाय जखमेच्या वर करकचून आवळला. रक्त थांबले, आम्ही हुश्श केले.

वहिनींनी पंजा हातात घेतला. "हा त गार पडून राह्यला. सोडा कासरा."

"सोडला त मरन तो!" दादा ओरडला.

"नाई सोडला त पाय सडन. मंग तुमीच म्हनान, टाक याले इथंच."

दादा तसेच म्हणाला असता, हे मलाही ठाऊक होते.

रोज संध्याकाळी वहिनी ओट्यावर बसून भुऱ्याचे गोचीड काढत. त्याच्या काखेखाली, हाडाच्या आतल्या अंगाला नाडी उडते, ती त्यांच्या बोटांना पाठ होती. तिथे अंगठा रोवून त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, मोठा पाट बुजवला तरी बारक्या चाऱ्यांनी पानी जाते. यायनं त साऱ्याच आवळल्या. सोडा गाठ."

मी गाठ सोडली. रक्त उसळले नाही, नुसते झिरपले. वहिनींचा अंगठा पांढराफटक पडला, पण हलला नाही. दादा पंजा धरून बसला होता. किती वेळ गेला कोण जाणे.

"पंजा ऊन लागून राह्यला व!" तो एकदम म्हणाला, आणि रडला. असा रडताना मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मग वहिनींनी लुगड्याची चिंधी बेताने बांधली. भुऱ्या पुढे लंगडला, पण चारी पायांवर.

परवा उमरावतीला दादाकडे गेलो. संध्याकाळी भुऱ्या ओट्यावर वहिनींच्या जागेशी आला, आडवा झाला आणि तो पाय वर धरून राहिला. मला बघवेना. शेवटच्या दिवशी वहिनींचे मनगट चाचपत राहिलेला दादा उठून त्याच्याजवळ बसला. त्याची बोटे पायाच्या आतल्या अंगाला काहीतरी शोधू लागली.

"नाडी लागते का?" मी विचारले.

त्याने मान वर केली नाही.

"लागते."