हवालदाराच्या कमरेची चावी

सुदाम शेडगेवर माझा कधीच विश्वास बसला नाही. साताऱ्याकडचा हा निवृत्त हवालदार २००३ साली आमच्या सौदीतल्या दम्मामच्या कंपनीत वॉचमन म्हणून आला, आणि पाच वर्षांत थेट आमच्या कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, उजव्या हाताला बसू लागला. ईदला अरब मंडळी तलवारी घेऊन नाचतात, त्यात मालकाने स्वतःची तलवार त्याच्या हाती दिली. मी तिथे बारा वर्षं इंजिनीअर, मला नुसते खजूर!

एवढा मान फुकट कोण देतं? हा आमच्या चुगल्या करतो, याची मला खात्री होती. त्यातच मालकाने ताब्यात ठेवलेले आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट ज्या तिजोरीत असत, तिची चावी त्याच्या कमरेला आली. म्हणजे हा आता मनात येईल तेव्हा गावी जाणार आणि आम्ही अर्ज करत बसणार.

आई आजारी पडली आणि मला रजा मिळाली. पासपोर्ट घ्यायला गेलो, तर सुदामने अख्खा गठ्ठा समोर ठेवला. माझा शोधताना तळाशी त्याचाच सापडला.

"चावी तुझ्याकडे, मग हा आत कसा?" मी खेकसलो.

"चावी देताना मालकांनी विचारलं होतं, तुझा काढून घेतोस का? मी नको म्हणालो, साहेब. तेव्हा कुठे चावी मिळाली."

मी त्याचा पासपोर्ट चाळला. पाच वर्षांत त्यात सौदीचा एकच शिक्का होता, आल्याचा.