नाक गेटकडे

डबा खायला आम्ही चौघं-पाचजण बसलो की विषय कुठूनही निघो, येऊन थांबतो पार्किंगवर. किस्से साठतच जातात. दोष आमचा नाही, चाकणच्या आमच्या कंपनीचा आहे. आत गाडी रिव्हर्सच लावायची, नाक गेटकडे. कधी आग लागलीच तर सगळ्यांना सरळ बाहेर पडता यावं म्हणून. सेफ्टीवाल्यांना प्लॅस्टिकच्या दोन केशरी कोनमध्ये गाडी रिव्हर्स लावून दाखवली की स्टिकर मिळतं. नाहीतर गाडी बाहेर, ट्रकच्या रांगेत.

*

आमचे सलीमभाई फोर्कलिफ्ट चालवतात. दोन रॅकमधून उलटी अशी काढतात की बघत राहावं. त्यांनी सेकंडहँड गाडी घेतली, पहिल्याच दिवशी टेस्टला मागे बघत झकास आत घेतली, आणि पुढचं नाक फिरून सेफ्टी ऑफिसची कुंडी आडवी! फोर्कलिफ्टचं शेपूट फिरतं, गाडीचं नाक फिरतं, हे भाईंच्या ध्यानातच नव्हतं. उतरले, कुंडी सरळ केली आणि म्हणाले, "वीस वर्षांत पुढे बघायची गरजच पडली नाही."

*

क्वालिटीतला पवार गाडी लावली की टेपने दोन्ही बाजू मोजतो. एकदा फरक जास्त निघाला म्हणून गाडी बाहेर काढून पुन्हा लावली. मागे शिफ्टची बस हॉर्न मारून थकली. पवारचं शांतपणे एकच उत्तर, "रिजेक्ट झाली होती."

*

आता माझं. ताथवड्याला आमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत गाडी मी आणायची आणि तिथे नवऱ्याने म्हणायचं, "उतर, मी लावतो." पाच वर्षं हेच. बोलायचा गोडच, पण किल्ली हातातून जायची आणि मला ते फार लागायचं. तो तरी काय करायचा, सरळ घुसवायचा, नाक भिंतीला.

म्हणून ते स्टिकर मला हवंच होतं. सलीमभाईंनी महिनाभर जेवणाच्या सुट्टीत शिकवलं. "येऊ द्या, येऊ द्या" करणाऱ्यांना आधी हाकललं. मग मला म्हणाले, "मॅडम, आरसे बघा. माणसं बघू नका."

पहिल्या टेस्टला कोन चिरडला. दुसऱ्या टेस्टला पास. काचेवर स्टिकर चिकटवताना मी चक्क रडले.

*

कंपनीच्या फॅमिली डेला गाडी नवऱ्याने चालवत आणली. सवयीने नाक आत घातलं. सिक्युरिटीचे काळोखे मामा, इथल्याच गावचे, शिट्टी मारत आले, "उलटी लावा, साहेब."

त्याने तीनदा प्रयत्न केला. सगळे बायका-पोरांसकट बघत उभे. पवारने तर टेपही काढली होती. मामांनी काचेवरचं स्टिकर नीट वाचलं.

"साहेब, स्टिकर म्याडमच्या नावावर हाय. तुमी उतरा, त्या लावत्यात."

तो उतरला. मी आरसे बघितले, माणसं बघितली नाहीत. एका दमात लागली.

येताना गाडी मी चालवली. सोसायटीच्या गेटवर सवयीने थांबवली आणि किल्लीला हात घातला, तर तो आधीच दार उघडून खाली उतरला होता.

"तू लाव," तो म्हणाला, "मी दूध घेऊन येतो."

फ्रीजमध्ये दोन लिटर दूध होतं.