सोबतीला गेलेला डॉक्टर

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा परभणीच्या माझ्या दवाखान्यात एका बाईंची दाढ अर्धी निघाली होती. ती काढली, टाके घातले, मग दवाखाना बंद करून निघालो. हृदयविकाराचा झटका, म्हणे. विलास कॉलेजपासूनचा माझा मित्र, इथल्याच एका तालुक्याच्या गावी दातांचा डॉक्टर. त्याचं खरं नाव आणि गाव लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

तोंडात डोकावलं की त्याला दातांपलीकडचंही दिसायचं. जिभेवरचा पांढरा थर, बऱ्या न होणाऱ्या जखमा. आम्हा दातांच्या डॉक्टरांच्या बैठकीत तो एकदा म्हणाला, "एचआयव्हीच्या तपासणीचं आपणच का विचारू नये?" सगळे हसले. मी म्हणालो, "दाढ काढायला आलेल्याला रक्त मागितलंस, तर माश्या मारत बसशील." तो हट्टी, त्यानं सुरू केलंच. 'तिथं तसले पेशंट येतात' एवढं पसरायला एक आठवडी बाजार पुरला. माझा अंदाज बरोबर होता, असं मला आजही वाटतं. पण त्याचंही काही चुकत नव्हतं, हीच पंचाईत.

मग त्यानं वेगळी वाट काढली. संशय आला की पेशंटला दार लावून सांगायचा, आणि तो घाबरला की म्हणायचा, "मी येतो संगं. आधी माझं रक्त देतो, मग तुमी द्या." एसटीत दोघं लांब लांब बसायचे आणि परभणीच्या सरकारी दवाखान्यात, तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर भेटायचे. सुई आधी विलासच्या बोटाला. पण त्याला त्या बाकावर पुन्हा पुन्हा पाहणारे गावचेच निघाले. गावानं ठरवून टाकलं, डॉक्टरलाच झालंय.

विलासचा दवाखाना ओस पडला. वहिनी रडून भांडायच्या, "तुमचा रिपोर्ट साफ आलाय. मग सांगून टाका ना, कुणासाठी जायलाव ते."

"कुणाचं नाव सांगू?" तो विचारायचा.

मला त्याचा राग यायचा, अजून येतो. एवढा भला माणूस, आणि स्वतःच्याच भलेपणात असा कोंडून बसला. शेवटची आंघोळ घालायलाही शेजारचं कुणी पुढे आलं नाही. त्याच्या भावानं आणि मी घातली.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी होतो. पटका बांधलेला एक अनोळखी माणूस आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. वहिनींना म्हणाला, "डाक्टर माझ्यासंगं आलते, ताई. गोळ्या चालू हायत, म्हनून आज उभा हाय. लोकं लय वंगाळ बोलायलेत. आता मीच सांगतो सगळ्यायला, माझ्यापायी गेलते म्हनून."

याच एका वाक्यासाठी वहिनी इतकी वर्षं नवऱ्याशी भांडल्या होत्या. उंबऱ्यापाशी जाऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं,

"घरी लेकरं काय आहेत?"

"एक पोरगी हाय. सोयरीक चालू हाय तिची."

"मग काही सांगू नका. जा तुमी."

तो गेला. लगेच शेजारीण डोकावली, "कोण होतं हो?"

अशा चौकशीला विलासचं एक ठरलेलं उत्तर असायचं. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि तेच दिलं.

"दाढ दुखायली म्हणे त्यांची."